कॅम्प कॉफीचें लेबल व त्याचे तीन पाठ

जुन्या पेट्या व दप्तरें उघडलीं म्हणजे सनदा, यादी आणि पत्रें यांच्याबरोबर कांहीं छापील जिन्नसही हातीं लागतात : कापडाच्या ताग्यांवरील रंगीत तिकिटें, आगपेट्यांचे छाप, औषधांच्या व पेयांच्या बाटल्यांवरचीं लेबलें. हस्तलिखितांचा संग्राहक हे जिन्नस बहुधा मुलांच्या हातीं देतो, नाहीं तर रद्दींत टाकतो. आमच्या मतें ही चूक आहे. पोथीला जी कसोटी लावावयाची तीच अशा छापील कागदाला लावली तर तोही खरी साक्ष देतो. आणि ती न लावली तर तोच कागद खोटा इतिहास पसरवीत राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणांत दिसाव्या, म्हणून ग्लासगो शहरीं निघालेल्या 'कॅम्प कॉफी' या पेयाच्या लेबलाची हकीकत येथें देत आहों. हें उदाहरण निवडण्याचें कारण इतकेंच कीं, त्या लेबलावर एक हिंदी मनुष्य काढलेला आहे, आणि आजपर्यंत तो तेथें तीन निरनिराळ्या स्थितींत दाखविला गेला आहे. लेबलाचें चित्र म्हणजे संहिता, आणि त्यांतील फरक म्हणजे पाठभेद, असें मानून पुढील विवेचन केलें आहे.

१. वस्तु

प्रथम वस्तु कोणती तें सांगितलें पाहिजे. कॅम्प कॉफी ही दळलेली पूड नव्हे. तो दाट, काळा व गोड असा अर्क आहे. चमचाभर अर्क पेल्यांत घालून वर ऊन पाणी अगर दूध ओतलें कीं पेय तयार होतें; भाजणें, दळणें, उकळणें, गाळणें हे खटाटोप उरत नाहींत. ग्लासगोच्या पॅटरसन आणि सन्स या पेढीनें इ. स. १८७६ मध्यें हा अर्क करण्यास आरंभ केला.

नांव कॉफीचें असलें तरी अर्कांत कॉफी थोडी आहे. अलीकडच्या बाटल्यांवरील घटकांप्रमाणें साखर व पाणी यांखेरीज त्यांत चिकोरीचा अर्क शेंकडा २६ व कॉफीचा अर्क शेंकडा ४ असतो. म्हणजे कॉफीच्या एका भागास चिकोरीचे साडेसहा भाग पडतात. चिकोरी म्हणजे निळ्या फुलांच्या एका रोपाचें मूळ. युनानी वैद्यकांत जिला कासनी म्हणतात तीच ही. मूळ वाळवून, भाजून दळलें म्हणजे काळसर, कडवट पूड होते. रंग व कडवटपणा या दोन गुणांनीं ती कॉफीच्या जवळ येते. परंतु कॉफीनें जी तरतरी येते ती आणणारें द्रव्य तिच्यांत नाहीं. आपल्या जुन्या भाषेंत कॉफीच्या बियांस 'बुंद' म्हणत. हा शब्द अरबी 'बुन्न' यावरून आला. तेव्हां या बाटलींत बुंद थोडा आणि कासनी फार, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

चिकोरीचा हा प्रवेश कसा झाला तेंही पाहण्यासारखें आहे. इ. स. १८०६ मध्यें नेपोलियननें बर्लिन येथून हुकूम काढून इंग्रजी मालास युरोप खंडाचीं बंदरें बंद केलीं. समुद्रापलीकडून येणारी कॉफी दुर्मिळ झाली आणि फ्रान्सांत चिकोरीचा खप वाढला. नड संपली तरी संवय राहिली. इंग्लंडांत मात्र चिकोरी भेसळीच्या रूपानें आली. डॉक्टर आर्थर हॅसल यांनीं १८५१ पासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत लंडनच्या बाजारांतील खाद्यपेयांची सूक्ष्मदर्शक यंत्रानें केलेली तपासणी प्रसिद्ध केली. तींत कॉफी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडींत चिकोरी किती सर्रास असे, तें उघडकीस आलें. पुढें १८६० व १८७५ या सालीं भेसळीविरुद्ध कायदे झाले. १८७५ च्या कायद्याचा आशय असा कीं, मिश्रण विकावयाचें असल्यास तें मिश्रण आहे असें लेबलावर लिहून ग्राहकास कळवावें. त्याच सालीं व्यापारी चिन्हांच्या नोंदणीचाही कायदा झाला, आणि १ जानेवारी १८७६ पासून लंडन येथें चिन्हांची नोंदवही उघडली गेली.

या तारखा एकापुढें एक मांडल्या म्हणजे कॅम्पच्या लेबलाचा काळ ध्यानांत येतो. लेबलावर 'कॉफी आणि चिकोरी यांचा अर्क' असे स्पष्ट शब्द आहेत. अर्धशतकापूर्वीं जी चोरी ठरली असती ती येथें नांव घेऊन उजळ माथ्यानें उभी आहे. शिवाय लंकेंत १८६९ पासून कॉफीच्या झाडांवर तांबेऱ्यासारखा रोग पडून पुढील वीस वर्षांत तेथील मळे बहुतेक नष्ट झाले, आणि तेथें चहा आला. अशा दिवसांत थोड्या कॉफीवर पुष्कळ पेलें भरणारा अर्क खपला यांत नवल नाहीं. वस्तूचा इतिहास एवढ्यानें पुरा समजतो. त्यासाठीं कोणत्याही लढाईची गरज पडत नाहीं. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

२. पहिला पाठ

आतां चित्राकडे वळूं. जुन्या लेबलावर एक राहुटी आहे. तिच्या शेंड्यावर निशाण असून त्यावर ब्रीदवाक्य लिहिलें आहे. राहुटीपुढें गॉर्डन हायलंडर्स या स्कॉच पलटणीचा एक पुरुष, घोळदार चौकड्याचा झगा म्हणजे किल्ट नेसून, बसलेला आहे व कॉफी पीत आहे. त्याच्या बाजूस दाढी व फेटा असलेला एक शीख उभा आहे. त्याच्या हातांत तबक असून तबकांत कॅम्प कॉफीची बाटली व ऊन पाण्याचें भांडें आहे.

तबकांतील बाटली पाहतांना एक मौज लक्षांत येते. ती बाटली कॅम्पचीच असल्यानें तिच्यावर हेंच लेबल असलें पाहिजे. त्या लेबलांत पुन्हां तोच शीख, त्याच्या हातांत तेंच तबक, तबकांत तीच बाटली. आमच्या नैयायिकांनीं या प्रकारास अनवस्था म्हटलें आहे. शास्त्रांत अनवस्था हा दोष; जाहिरातींत मात्र तो गुण ठरला. मुलें तें लेबल डोळ्यांपाशीं धरून आंतली बाटली, तिच्या आंतली बाटली, अशी शोधीत बसत, आणि तितका वेळ मालाचें नांव त्यांच्या डोळ्यांपुढें राही. हॉलंडांतील ड्रोस्ट नांवाच्या कोकोच्या डब्यावर १९०४ च्या सुमारास अशीच योजना झाली, आणि पाश्चात्यांत या युक्तीस त्या डब्याचेंच नांव पडलें. ग्लासगोची बाटली त्याच वर्गांतली आहे.

३. दंतकथा व तिची परीक्षा

या चित्राभोंवतीं दोन कथा रूढ आहेत. पहिली अशी : गॉर्डन हायलंडर्स पलटणीस हिंदुस्थानांतील मोहिमांवर झटपट करितां येईल अशी कॉफी हवी होती, आणि तिच्यासाठीं पॅटरसन यांनीं हा अर्क सिद्ध केला. दुसरी अशी : बसलेला पुरुष म्हणजे त्या पलटणींतून वर चढलेले मेजर जनरल सर हेक्टर मॅक्डोनल्ड होत.

पहिल्या कथेंत असंभव असें कांहीं नाहीं. लष्करासाठीं कॉफीचा दाट अर्क करण्याचा प्रयोग अमेरिकेच्या यादवी युद्धांत (१८६१-६५) झालेलाच होता. तेथें दूध व साखर घालून आटविलेली कॉफी शिपायांस दिली जाई. परंतु संभव निराळा आणि प्रमाण निराळें. अर्क लष्करासाठीं झाला कशावरून, तर लेबलावर लष्करी छावणी आहे म्हणून. आणि लेबलावर छावणी कां, तर अर्क लष्करासाठीं झाला म्हणून. हा उघड अन्योन्याश्रय आहे. चित्रावरून कथा व कथेवरून चित्र सिद्ध करावयाचें झालें तर दोन्हींपैकीं एकही सिद्ध होत नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें अर्काची उत्पत्ति चिकोरी, महागाई आणि कायदा या तीन कारणांनीं पुरी लागत असतां चौथें कारण केवळ चित्रावरून कल्पूं नये.

दुसऱ्या कथेस कालक्रमाची कसोटी लावतां येते. हेक्टर मॅक्डोनल्ड यांचा जन्म १८५३ सालीं स्कॉटलंडच्या उत्तर भागांत, डिंगवॉल गांवाजवळ, एका गरीब कुळवाड्याच्या घरीं झाला. कांहीं दिवस कापडाच्या दुकानांत उमेदवारी करून १८७० सालीं ते गॉर्डन हायलंडर्समध्यें साधे शिपाई म्हणून भरती झाले. दुसऱ्या अफगाण युद्धांत (१८७८-८०) दाखविलेल्या शौर्यामुळें त्यांस अंमलदारी मिळाली. साध्या शिपायास अशी बढती त्या काळीं क्वचितच मिळे. १८८१ त मजूबा येथें बोअर लोकांनीं त्यांस पकडलें. १८९८ त सुदानांतील ओमदुर्मानच्या लढाईंत त्यांच्या पलटणींनीं ऐन वेळीं मोर्चा फिरवून फौज वांचविली, आणि 'लढाऊ मॅक' हें त्यांचें नांव घरोघर झालें. पुढें लंकेंतील फौजेचे ते मुख्य असतांना त्यांच्या खासगी वर्तनाविषयीं आरोप झाले. लष्करी न्यायसभेपुढें उभें राहण्यापूर्वींच २५ मार्च १९०३ रोजीं पॅरिस येथील एका हॉटेलांत त्यांनीं स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यांच्या स्मरणार्थ डिंगवॉल येथें लोकांनीं बुरूज उभारला आहे.

आतां ही तारीखवार हकीकत लेबलाशीं ताडून पहावी. १८७६ सालीं मॅक्डोनल्ड तेवीस वर्षांचे होते, आणि अंमलदारही झाले नव्हते. ग्लासगोच्या व्यापाऱ्यास त्यांची ओळख असण्याचें व त्यांचें चित्र बाटलीवर लावण्याचें कांहींच कारण दिसत नाहीं. तेव्हां दोनच पक्ष राहतात. एक, चित्र मॅक्डोनल्ड यांचें असेल तर तें अर्काबरोबर जन्मलेलें नव्हे. त्यांची कीर्ति झाल्यावर, म्हणजे १८८० नंतर केव्हां तरी, काढलेलें असलें पाहिजे. दुसरा, चित्र कोणा एका हायलंडराचें, सामान्य नमुन्याचें आहे, आणि नांव त्यास मागाहून चिकटलें. अर्क, चित्र आणि नांव हीं तिन्हीं एकाच वर्षाचीं हा तिसरा पक्ष मात्र टिकत नाहीं. आणि गंमत ही कीं, लोकांत रूढ आहे तो हाच.

आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. निनांवी चित्रास प्रसिद्ध पुरुषाचें नांव चिकटणें ही गोष्ट महाराष्ट्रांतील संशोधकांस नवी नाहीं. इब्राहीमखान नांवाच्या मनुष्याचें चित्र शिवाजी महाराजांचें म्हणून कित्येक वर्षें छापलें जात होतें, वा. सी. बेंद्रे यांनीं अस्सल चित्र पुढें आणल्यावर तो भ्रम दूर झाला. चित्राखालीं नांव लिहिण्याची घाई सर्वत्र सारखीच. मात्र मॅक्डोनल्ड यांच्या बाबतींत ती घाई समजण्यासारखी आहे. कुळवाड्याचा मुलगा सेनापति झाला आणि शेवटीं बदनामींत मेला. त्याच्या लोकांस त्याचें कोठें तरी नांव घ्यावेसें वाटलें. स्वयंपाकघरांतील बाटली त्यांस त्यासाठीं पुरली. तें नांव चित्राचा पुरावा म्हणून चालणार नाहीं. लोकांच्या मनाचा पुरावा म्हणून चालेल.

४. निशाणावरील ब्रीद

राहुटीवरील निशाणाचे शब्द 'रेडी, आय रेडी' असे आहेत. यांतील मधला शब्द 'मी' या अर्थाचा इंग्रजी सर्वनामवाचक नव्हे. स्कॉच बोलींत त्याचा अर्थ 'सदा' असा आहे. तेव्हां वाक्याचा अर्थ 'सज्ज, सदा सज्ज' असा होतो. जाहिरात करणाऱ्यानें येथें साधा श्लेष साधला आहे : शिपाई सदा सज्ज, आणि कॉफीही सदा सज्ज.

या ब्रीदाचा विचार पाठचिकित्सेच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. गॉर्डन हायलंडर्सचें ब्रीद हें नव्हेच. त्यांच्या टोपीवरील बिल्ल्यांत सांबराचें मस्तक, भोंवतीं आयव्हीच्या वेलीची माळ, व खालीं 'बायडँड' हा एकच शब्द असे. त्याचा अर्थ 'अढळ राहणारा'. तें गॉर्डन घराण्याचें ब्रीद होय. 'सज्ज, सदा सज्ज' हें दुसऱ्याच घराण्याचें, थर्लस्टेनच्या स्कॉट घराण्याचें आहे. त्याची कथा अशी सांगतात कीं, १५४२ सालीं राजा पांचवा जेम्स इंग्लंडावर चालून जाण्यासाठीं फाला येथें छावणी करून राहिला असतां सरदारांनीं सरहद्द ओलांडण्याचें नाकारलें. एकटा थर्लस्टेनचा जॉन स्कॉट निघण्यास तयार झाला, आणि राजानें त्यास हें ब्रीद दिलें.

एका पलटणीच्या राहुटीवर दुसऱ्या घराण्याचें ब्रीद, हें खऱ्या छावणींत घडणार नाहीं. एखाद्या पत्रावर शिक्का एका सरदाराचा आणि मायना दुसऱ्याचा असावा, तसाच हा प्रकार आहे. असें पत्र हातीं आलें तर आपण तें अस्सल म्हणून दप्तरांत लावीत नाहीं. पलटणीच्या सांगण्यावरून अगर पलटणीच्या माहितगारानें हें चित्र केलें असतें, तर निशाणावर 'बायडँड' आलें असतें. यावरून लेबल दुकानदाराच्या चित्रकाराचें आहे, पलटणीचें नव्हे, असें अनुमान होतें. आणि पहिल्या कथेचा पाया आणखी एका बाजूनें ढासळतो.

५. उभा असलेला पुरुष

बसलेल्या पुरुषास लोकांनीं नांव दिलें, चरित्र दिलें, बुरूजही बांधला. उभ्या पुरुषास कोणींही नांव दिलें नाहीं. त्याचें नांव आतां मिळणार नाहीं; परंतु त्याच्या जातीचें व कामाचें स्थान कागदांवरून ठरवितां येतें, आणि तेवढें करणें आमचें कर्तव्य आहे.

दुसऱ्या अफगाण युद्धांत २७ जुलै १८८० रोजीं मैवंद येथें इंग्रजी फौजेचा मोड झाला. त्या फौजेंत मुंबई सैन्याची पहिली ग्रेनेडियर व तिसावी जेकब्स रायफल्स या पलटणी होत्या, म्हणून ही लढाई आमच्याही इतिहासांतील आहे. वेढ्यांत सांपडलेलें कंदाहार सोडविण्यासाठीं ऑगस्ट महिन्यांत जनरल रॉबर्ट्स काबूलहून निघाले, आणि सुमारें तीनशें मैलांची मजल त्यांनीं तीन आठवड्यांत मारली. त्या फौजेच्या पहिल्या पायदळ तुकडींत ९२ वी पलटण, म्हणजे गॉर्डन हायलंडर्स, होती. आणि तिच्याच जोडीला २३ वी पायोनियर ही मझबी शिखांची पलटण, २४ वी पंजाब पलटण आणि दुसरी गुरखा पलटण होती. पुढें २० ऑक्टोबर १८९७ रोजीं वायव्य सरहद्दीवर दर्गाईचा डोंगर गॉर्डन लोकांनीं चढून घेतला, त्या हल्ल्यांतही तिसरी शीख पलटण त्यांच्याबरोबर होती. तात्पर्य, गॉर्डन हायलंडर व शीख हे एकत्र आले ते खांद्याला खांदा लावून लढणारे शिपाई या नात्यानें.

मग हातांत तबक कोठून आलें ? रॉबर्ट्स यांच्या फौजेंत सुमारें दहा हजार लढाऊ लोकांमागें आठ हजारांच्या आसपास बिगरलढाऊ लोक होते. पानिपताच्या कागदांतून वाचकांस बुणगे हा शब्द परिचित आहे. इंग्रजांच्या फौजेसही बुणगे चुकले नव्हते. भिस्ती, डोलीवाले, उंटवाले, खानसामे, खिदमतगार अशीं त्यांचीं नांवें. साहेबापुढें तबक धरणें हें खिदमतगाराचें काम. पलटणींतील शीख शिपायाचें तें काम नव्हे, आणि तो तें पतकरताही ना. चित्रकारानें शिपायाचा फेटा व दाढी घेतली, खिदमतगाराचें तबक घेतलें, आणि दोघांचा मिळून एक मनुष्य केला, असें आमचें अनुमान आहे. ग्लासगोच्या गिऱ्हाइकास दोघांतील फरक कळण्याचें कारण नव्हतें. त्यास हिंदुस्थानची खूण पाहिजे होती आणि आपणांस कोणी तरी वाढीत आहे एवढें समाधान पाहिजे होतें. या मिश्रणांत खरा शिपाई नाहींसा झाला आणि खरा खिदमतगारही नाहींसा झाला. एकाचें शौर्य गेलें, दुसऱ्याचा चेहरा गेला.

६. दुसरा व तिसरा पाठ

विसाव्या शतकाच्या मध्यास लेबलांतून तबक काढून टाकलें. शीख होता तेथेंच उभा राहिला, हायलंडर कॉफी पीतच राहिला. मात्र उभ्या पुरुषाच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. तो चाकर दिसूं नये हा या फरकाचा हेतु समजला जातो. पण पोथींतील एक शब्द खरडून काढला म्हणजे वाक्य जसें लंगडें होतें, तसें येथें झालें. एक बसून पीत आहे, दुसरा उभा राहून वाट पाहत आहे. कशाची, तें चित्रांत नाहीं. चाकरी गेली, पण बरोबरी आली नाहीं. तबकाबरोबर बाटली गेल्यामुळें ती अनवस्थाही संपली.

दरम्यान पेढीचे मालक बदलले. पॅटरसनांचें घर १९७४ सालीं जेंक्स यांच्या धंद्याशीं एक झालें, आणि १९८४ सालीं ती संयुक्त कंपनी अमेरिकेंतील मॅकॉर्मिक या मसाल्याच्या कंपनीनें घेतली. १९३८ सालीं स्वित्झर्लंडांत नेसकॅफे निघाल्यापासून झटपट कॉफीच्या पुडीनें अर्काचें पहिलें काम हिरावून घेतलें होतें. अर्क आतां पिण्यापेक्षां केक वगैरे पक्वान्नांस कॉफीची चव आणण्यासाठीं अधिक ओळखला जातो.

तिसरा पाठ २००६ सालचा. त्यांत शीख खालीं बसला आहे. तो शिपाई म्हणून दाखविला असून त्याच्याही हातीं कप व बशी आहे. दोघे शेजारीं बसून कॉफी पीत आहेत. १८८० च्या व १८९७ च्या कागदांशीं ताडून पाहिलें तर तीन पाठांत हा सर्वांत अलीकडचा पाठच दोघांच्या नात्यास अधिक धरून आहे. जुना पाठ तोच खरा असा जो आमचा सामान्य नियम, त्यास येथें अपवाद घडला. कारण उघड आहे : आदर्श प्रतच कल्पित होती, तिच्याशीं एकनिष्ठ राहून वस्तुस्थिति हातीं लागणार नव्हती.

तथापि येथें एक सावधगिरी ठेवली पाहिजे. तिसरा पाठ वस्तुस्थितीच्या जवळ असला तरी तो २००६ सालचा आहे. १८८० च्या छावणींत गोरा व काळा शिपाई एका बाकावर बसून कॉफी पीत असत, असा पुरावा म्हणून तो कोणी पुढें आणूं नये. लढाईंत सोबत होती, पंगतींत नव्हती. पहिल्या पाठानें सोबत लपविली, तिसरा पंगतींतील भेद लपवितो. दोन्ही पाठ एकत्र ठेवले तरच खरा अर्थ लागतो.

७. मुंबईचें प्रत्युत्तर

याच काळांत मुंबईंत एक उलट प्रकार घडला, तो थोडक्यांत नोंदवितों. १८८८ सालीं पेस्तनजी एदलजी दलाल या लहान वयाच्या पारशी मुलानें मुंबईंत कॉफी भाजून दळण्याचें छोटें दुकान घातलें. त्याचें लाडकें नांव पॉली. गिऱ्हाइकांत साहेब लोक पुष्कळ, म्हणून नांव इंग्रजी वाटावें यासाठीं पॉलीपासून 'पोलसन' झालें. 'पोलसनची फ्रेंच कॉफी' म्हणजे कॉफी व चिकोरी यांचें मिश्रण. फ्रान्सची खूण एवढीच. पहिल्या महायुद्धांत लष्करास कॉफी पुरवितांना लोण्याचीही मागणी आली व १९१५ पासून पोलसनचें लोणी निघालें. तें इतकें पसरलें कीं, मराठींत 'पोलसन लावणें' म्हणजे खुशामत करणें असा वाक्प्रचार रूढ झाला. ग्लासगोच्या व्यापाऱ्यानें हिंदुस्थानचें चित्र लावून माल विकला, मुंबईच्या व्यापाऱ्यानें विलायती नांव लावून. आणि चिकोरी दोघांच्याही डब्यांत होती. दूरचें तें अस्सल, ही गिऱ्हाइकाची समजूत दोन्ही बंदरांत सारखीच होती. विशेषनाम कोशांत घालावयाचें नाहीं असा नियम करणाऱ्या कोशकारास 'पोलसन' हा शब्द चांगलाच पेंच घालील.

८. संग्राहकांस सूचना

या सर्वांवरून संग्राहकांस तीन गोष्टी सुचवितों.

पहिली : पाठाचा काळ व प्रतीचा काळ हे निरनिराळे धरावे. तबक असलेलें चित्र दिसलें म्हणजे कागद जुना असें होत नाहीं. जुन्या आठवणींची हौस वाढल्यापासून पत्र्याच्या पाट्यांवर व डब्यांवर असलीं जुनीं चित्रें नव्यानें छापलीं जात आहेत. शके १९०० नंतर लिहिलेल्या पोथींत ज्ञानेश्वरी असली म्हणून पोथी ज्ञानेश्वरकालीन ठरत नाहीं, तसेंच हें. कागद, शाई, छपाईची रीत, पेढीचें नांव व पत्ता यांवरून प्रतीचा काळ ठरवावा. चित्रावरून केवळ पाठाचा.

दुसरी : लेबल सोडवून घेतांना बाटली फेंकूं नये व पाठीमागचा मजकूर कापूं नये. चित्र हें लेबलाचें तोंड. घटक, वजन व पेढीचें नांव हे त्याचे हातपाय. चिकोरीचें प्रमाण चित्रांत नसतें.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची : सुधारलेला पाठ आला म्हणून मूळ पाठ नष्ट करूं नये, आणि मूळ पाठ आपल्या संग्रहीं आहे म्हणून त्याचा अभिमानही मिरवूं नये. विकणाऱ्यानें आजच्या बाटलीवर शिखास बसविलें हें योग्यच केलें. दुकानांतील फळीवर अपमान मांडून ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु संग्रहालयाची फळी निराळी. तबक धरून उभा असलेला तो मनुष्य तेथें राहिला पाहिजे. नाहीं तर त्याच्या हातीं तबक कोणीं दिलें होतें, हें सांगण्यास पुरावाच उरणार नाहीं. नोंदवहींत मात्र त्यास 'नोकर' असें एका शब्दांत लिहून मोकळें होऊं नये. 'शीख पुरुष, नांव अज्ञात. फेटा शिपायाचा, तबक खिदमतगाराचें' इतकें लिहावें. बसलेल्या पुरुषापुढेंही 'हायलंडर. मॅक्डोनल्ड अशी लोकश्रुति' एवढेंच लिहावें. एकास नसलेलें नांव देऊं नये व दुसऱ्याची असलेली खूण पुसूं नये, इतका न्याय चिकोरीच्या बाटलीलाही लागू आहे.